पंख्यातल्या अक्षता

उधना, शनिवार, रात्र

चालू झाला! आश्विनीचा गेमचा कन्सोल दसऱ्यापासून तापून बंद पडत होता, आणि उद्या तिची स्पर्धेतली मॅच. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, नवा घ्या. मन मानेना. कारखान्यात लूमची मोटर तापली की आम्ही आधी पंखा बघतो. म्हणून आज स्वतःच उघडला. पंखा अडलेला. चिमट्याने काय निघावं? तांदूळ, कुंकवाने लाल! दसऱ्याला पान्या-पक्कडींबरोबर मी याचीही पूजा केली होती. अक्षता जाळीतून आत गेल्या. दसऱ्यापासूनच कसा बिघडला, हे मला आधी का सुचलं नाही?

आश्विनी हसत सुटली. "पप्पा, गेमचं लग्न लावलं होतं का?"

बायको चुलीपाशीच होती, लग्न म्हटल्यावर तिला हळद आठवली. "आते त्याले हयद बी लावा, नि जेवाले या!"

जेवण झालं, ती केव्हाची खेळतेय. मी सारखा कन्सोलवर तळहात ठेवून बघतो. कोमट आहे, बस.

ते तांदूळ देव्हाऱ्यात ठेवलेत. देवा, पोरीसाठी आशीर्वाद मागितला, तो तू दिलास. मीच जरा फार आत घातला. उद्या लांबूनच हात जोडीन.