पहिलं गिऱ्हाईक

१३ जानेवारी १९५८

सुलोचना आली. दारातूनच वाकून पाया पडली. "बस ना, चहा टाकतो," म्हणालो. "शिबिरात हजेरी आहे, बाबा," म्हणाली अन् गेली. सहा वर्षांनी लेक दारात — आणि पाऊल आत नाही.

केस घट्ट मागे ओढून बांधते आता. तिची आई बांधायची तसे.

१४ जानेवारी

गावाबाहेर कापसाच्या जिनिंगच्या जुन्या आवारात हे शिबिर. नागपूर-अमरावतीच्या कॉलेजांतले तेरा प्राध्यापक आले आहेत. कशासाठी? तर स्वतःचा धंदा कसा उभा करावा हे विद्यार्थ्यांना शिकवायचं, म्हणून आधी स्वतः शिकायला! शिकवणारे हिरालालजी. शिक्षण सातवी. निंबोळीच्या तेलाचा साबण करतात. पहिल्याच दिवशी म्हणाले म्हणे, "नोकरीचा अर्ज लिहायला तुम्ही पोरांना चांगलं शिकवलं. आता वीस दिवस उलटा धडा." अर्थशास्त्र शिकवणारी आमची सुलोचना त्या तेरांतलीच.

आज संक्रांत. डबा घेऊन गेलो, सगळ्यांना तिळगूळ वाटला. तिच्या हातावर ठेवला तेव्हा पुढचे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. तिनंही काढले नाहीत.

१६ जानेवारी

झोप लागत नाही म्हणून पहाटे कवितांची जुनी पुस्तकं काढून बसलो. पान उलटलं की वर्ग दिसतो. खिडकीतून ऊन, चाळीस पोरं एका सुरात, आणि दुसऱ्या रांगेत माझीच पोर, झुलत झुलत म्हणणारी. शाळेत ती मला गुरुजी म्हणायची. घराच्या वळणावर आली की बाबा.

बी. ए. झाल्यावर मैत्रिणीबरोबर वर्ध्याला शिवणाचं दुकान काढणार होती. जागा पाहून आली होती. किती बोलत होती त्या दिवशी! मी म्हणालो, "गिऱ्हाइकांची मापं घेत फिरायला शिकवलं का तुला?" एवढंच. दुकानाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. नागपूरला गेली, पुढं शिकली, प्राध्यापिका झाली. मला हवं होतं तेच झाली. पत्रं येत, फक्त ती घरी येईनाशी झाली.

२१ जानेवारी

आज बाजार. हिरालालजींचा नियम: आपण केलेला साबण घेऊन जमिनीवर बसायचं. डिग्री सांगायची नाही. किती विकला ते कोणी विचारणार नाही, पण पुढच्या बाजाराला परत येईल असं एक गिऱ्हाईक मिळवायचं. एकच. ते कसं मिळालं हे ज्याला उमगलं, त्यानं मग खुशाल वर्ग घ्यावा.

मी चहाच्या दुकानात, खांबाआड. अमरावतीचे एक प्राध्यापक तेलात खार घातला की काय होतं ते भाजीवाल्या तानाबाईला समजावत होते. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, साबन देता का? कथा मी देवळात ऐकीन." सगळी ओळ हसली.

सुलोचना मात्र गप्प. पुढ्यात बारा वड्या, मान खाली. बाया येत, वडी नाकाशी नेत, ठेवून जात. दोन तास! मला पाहवेना. कवडू गाडीवान हिंगणीला निघाला होता. दोन वर्षांपूर्वी गावात आलेला, तिच्या ओळखीचा नाही. त्याच्या मुठीत पैसे कोंबले.

"सगळ्या घे. माझं नाव काढू नको."

"पोरगी तुमची, पैसा तुमचा, साबन जाईन तुमच्याच घरी. मंग मी काऊन मधात, गुरुजी?"

"जा रे बाबा."

गेला. तिनं मान वर केली. काहीतरी विचारलं, कवडूनं मुंडी हलवली. आणि ती हसली. अगदी दुसऱ्या रांगेतलं हसू.

२२ जानेवारी

बारा वड्या कवितेच्या पुस्तकांमागे ठेवल्या आहेत. एकही वापरवत नाही. तिच्या बोटांचे ठसे आहेत त्यांवर.

२४ जानेवारी

हिरालालजी भेटले. म्हणाले, "गुरुजी, तुमची बेटी सगळ्यांत पुढे. बाकीचे बोलण्यात हुशार, ही गप्प बसून गिऱ्हाईक जोडते." तिनं कॉलेजला पत्रसुद्धा धाडलं — मला जमलं, जूनपासून मुलींचा वर्ग सुरू करते. पुढच्या बाजारासाठी चोवीस वड्या ओतल्या आहेत, कारण तो माणूस येतो म्हणाला आहे.

लगेच जाऊन कवडूला गाठलं. "तू येतो म्हणालास?"

"मंग काय म्हनू? बाई इतक्या मायेनं म्हने, पुढच्या बाजाराले येजा."

२८ जानेवारी

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

कवडूला आज गिरडला जायचं भाडं होतं. मीही त्याला थांब म्हणालो नाही. आणखी किती दिवस खोटं पाठवणार? पुन्हा खांबाआड बसलो. तानाबाई तिच्यापुढं उभी राहिली. "दोन देजो, बाई."

"या ठेवलेल्या आहेत. माझं गिऱ्हाईक यायचं आहे."

"गिऱ्हाईक तं पुढं उभं हाय. तू कोनाची वाट पाहून राह्यली?"

नाहीच दिल्या. आणखी एकीलाही परत पाठवलं. बाजार उठला, पालं निघाली, ऊन कलंडलं. ती त्याच जागी. चोवीसच्या चोवीस वड्या पुढं, आणि डोळे हिंगणीच्या रस्त्याकडे.

मी उठून तिच्यापर्यंत वीस पावलं चालू शकलो नाही.

३० जानेवारी

वर्गात कविता म्हणताना पोर अडलं तर मी कधी ओळ सुचवली नाही. उभं राहू द्यायचो. बाकीचे कुजबुजायला लागले की त्यांना दटावायचो. ओळ ज्याची त्याला सापडली पाहिजे, म्हणजे ती जन्मभर राहते. बत्तीस वर्षं हे पाळलं. आणि बाजारात माझी पोर दोन तास अडली होती, तर मला दम निघाला नाही.

नाही सांगितलं तर मुलींना ती काय शिकवील? गप्प बसा, कोणीतरी येऊन सगळं घेऊन जाईल, हेच? सांगितलं, तर ती पुन्हा जाईल. या वेळी पत्रही येणार नाही.

३१ जानेवारी

सांगितलं. आवारात साबणाच्या कढईशी उभी होती, हातात लाकडी ढवळणं. ते तसंच राहिलं. सगळं ऐकून घेतलं. आवाज चढला नाही.

"बाबा, तेव्हा तुम्ही दुकान काढू दिलं नाही. आता काढलं, तर चालू दिलं नाही."

मग ढवळायला लागली. तिची पाठ वळली तेव्हा मी निघालो.

१ फेब्रुवारी

घर फार मोठं वाटतं. पुस्तकांमागची एक वडी काढली अन् हात धुतले. दुपारभर चुरचुरत होते.

२ फेब्रुवारी

शिबिर संपलं. दोन टांग्यांतून बारा प्राध्यापक स्टेशनकडे गेले. मी मोजले.

तेरावी दारात. काखेत टोपली. अनोळखी घरी विचारावं तसं म्हणाली, "साबण घेता का?"

सगळा घ्यावासा वाटला. "नको," म्हणालो. "हात चुरचुरतात."

ती ओसरीवर बसली. वही काढली.

"कधी? धुताना, की नंतर?"