टर्बो थंड होईपर्यंत

चिवला, मालवण
रविवार, चर्चमधल्या मिसाहून आल्यावर

प्रिय स्टॅनलीबाब यांस, जासिंतचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करतो. आम्ही सगळे ठीक. तुमची बहीण जुलियाना शाळा, घर आणि मी हे तिन्ही व्यवस्थित सांभाळते आहे. नाताळला पोर्क विंदालूच्या वेळी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "जासिंताची गाडी जेवणाच्या मेजार धांवता." ते मी कधीच विसरून गेलो. विसरल्यानंतर एवढंच ठरवलं, की एक गाडी घ्यायची आणि शर्यतीच्या कागदावर आपलं नाव वेळेसकट उमटवून तो कागद तुम्हाला म्हापशाला पाठवायचा. त्याचं काय झालं ते कळवण्यासाठी हे पत्र.

गाडी जुनी आणि टर्बोचीच हवी हे माझं पहिल्यापासूनचं मत. (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराने पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. हे मी कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. रद्दीत मिळालेली मॅन्युअलं वाचून शिकलो, आणि मॅन्युअलमधल्या दोन आकृत्या चुकीच्या आहेत हेही मलाच प्रथम दिसलं.) जुनी अशासाठी, की नवीन गाडीचं झाकण उघडलं तर आत दुसरं झाकण असतं. शिवाय तीच गाडी सोमवार ते शनिवार जुलियानाला कट्टा गावच्या शाळेत नेणार, म्हणजे तिच्यात वह्यांचे गठ्ठे, बांगड्याची पिशवी आणि गॅसचा सिलिंडर मावला पाहिजे. तो मावूनही गाडी पळाली पाहिजे. अशा गाड्या असतात, पण त्या ओळखणारे कमी.

पहिली पाहिली खारेपाटणला, हरिश्चंद्र नावाच्या कंत्राटदाराची, डिझेलवरची. जुलियानाला ती फार आवडली, कारण मागे दोन सिलिंडर उभे राहत होते. मी झाकण उघडलं तर इंजिन धुऊन पुसून कपबशीसारखं ठेवलेलं. विकायच्या दिवशी धुतलेल्या इंजिनावर माझा विश्वास बसत नाही. तेल कुठून गळतं ते इंजिनाने आपल्या तोंडाने सांगायचं असतं, आणि इथे त्याचं तोंडच धुऊन टाकलेलं. मी तसं स्पष्ट बोललो. हरिश्चंद्राने पुढे केलेला चहा परत आत नेला.

दुसरी इन्सुलीची. गाडी नव्हे, सायलेन्सरला लावलेली चार चाकं. मालकाने ती इतकी खाली बसवली होती की पोटाखाली माझी फूटपट्टी उभी राहीना. मिसाला जाताना लागणारा आपल्या इगर्जीपुढचा गतिरोधक मी आधीच मोजून ठेवला होता, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही. येताना आंबोलीच्या वळणाची पाटी दिसल्यावर जुलियानाने आपण आता फक्त बांगडेच बघायला बाजारात जाऊया असं सुचवलं.

तिसरी फोंडाघाटला. (हिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल आणि कोणीतरी कुठेतरी लिहिलेलं वाईट तेवढं मला पाठवाल.) मालक सत्यवान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काजूच्या बागेत राहतात. चार दारं, पेट्रोल, टर्बो, वय एकवीस वर्षं, आणि इंजिनावर प्रामाणिक धूळ. मी त्यांना मायलेज विचारलं नाही, अपघात विचारला नाही. एकच विचारलं, घरी पोचल्यावर इंजिन कसं बंद करता? कारण टर्बो आतून लालबुंद तापलेला असतो. गाडी थांबल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं तर तेल फिरतं आणि तो शांत होतो. लगेच चावी काढली तर आतलं तेल जळून राहतं. हे शंभरातल्या नव्वद मालकांना ठाऊक नसतं.

सत्यवान म्हणाले, "आधी पान लावतंय, खातंय, मगेच चावी काढतंय."

मी वाकून चावीचं भोक बघितलं. भोवती वर्षानुवर्षांच्या चुन्याचं कडं होतं. तिथल्या तिथे गाडी घेतली.

पान आम्ही खात नाही. तेव्हा जुलियानाने गाडी बंद करण्यापूर्वी तीनदा नमान मोरिये ही प्रार्थना म्हणायचा नियम घातला, आणि मी त्याला सकाळी गाडी तापवतानाही तीन म्हणायची पुरवणी जोडली, कारण थंड टर्बोवर जोर देणं हेही तितकंच चूक. गेले तीन महिने आम्ही दोघं अशी पुष्कळ प्रार्थना केली. फादरना हे समजल्यावर ते प्रसन्न झाले, मग कारण समजल्यावर थोडे कमी झाले.

गेल्या रविवारी कोल्हापूरकडच्या मैदानावर शर्यत होती. मातीत शंकू मांडलेले, एकेका गाडीने त्यातून वळत जायचं, घड्याळ लावतात. तुम्ही दिलेलं तुमचं हेल्मेट मी नेलं होतं. जुलियाना आली ती माझ्यासाठी नव्हे. सोमवारी शाळेला गाडी लागणार होती, ती परत आणायला आली. एका गाडीवर दोघांची नावं चालतात असं टेबलावरच्या माणसाने सांगितलं, तर उन्हात नुसतं बसायचं कशाला म्हणून तिने आपलंही नाव दिलं.

आम्हा दोघांत माझा नंबर पहिला. रांगेत बराच वेळ इंजिन बंद होतं. रेषेवर येऊन मी ते चालू केलं आणि नियमाप्रमाणे सुरुवात केली. दुसऱ्या नमान मोरियेत झेंडा पडला. घड्याळ सुरू झालं याची मला पूर्ण कल्पना होती. परंतु एकवीस वर्षं सत्यवानांनी ज्या टर्बोला जपलं, त्याला एका झेंड्यासाठी मी दुखावणार नव्हतो. झेंडेवाला खिडकीशी वाकला.

"काका, गाडी बंद पडली का काय?"

मी बोट वर करून त्याला थांबवलं, तिसरी पूर्ण केली, आणि निघालो. एकही शंकू हलला नाही. याला साक्षीदार आहेत. यादीत माझ्या खाली एक जण होता. तो उसात गेला होता.

लगोलग जुलियाना बसली. झेंडा पडताक्षणी गाडी जागेवर नव्हती. शाळेची घंटा व्हायच्या आत कट्टा गाठताना ती वळणं जशी कापते, तशीच तिने ती कापली, आणि सगळ्यांत तिसरी आली. परतल्यावर मी तिला निघण्यापूर्वीच्या नियमाची आठवण करून दिली. ती इंजिन चालू ठेवून शांतपणे म्हणाली, "तू म्हटलंस मा? मगे मी परत कित्याक म्हणू?"

यांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. इंजिन तापलेलंच होतं. एवढं मात्र नोंदवतो, की ते मी तापवलं होतं.

शर्यतीचा कागद सोबत जोडला आहे. आडनाव एकच असल्यामुळे वरचं बघितलंत तरी चालेल.

तुमचा मेहुणा,
जासिंत

ता. क. गुडघ्याला एरंडेल चोळू नका. मी त्याविषयी वाचलं आहे.

आणखी ता. क. तुमचं हेल्मेट परत पाठवत आहे. पुढची शर्यत महिनाअखेरीस आहे. तुमच्या शर्यतीच्या क्लबात आहेत त्यातलं लहान मापाचं एक पाठवा. हे मोठं होतं, वळणावर डोळ्यांवर येतं, आत ओढणी कोंबावी लागली.

शेवटचा ता. क. माझं डोकं तुमच्याएवढंच आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून सांगून टाकतो. गाडी तापवायची आणि थंड करायची जबाबदारी माझ्याकडे आहे. मधलं तेवढं जुलियाना बघते.