बाबांची गाडी सापडली

४ मार्च, सोमवार

बाबांची गाडी चोरीला गेली! ते बाजारातून पिशव्या घेऊन आले तर जागा रिकामी. मीच त्यांना पोलीस ठाण्यात नेलं, तक्रार दिली, आणि माझ्या ड्युटीच्या कंट्रोल रूममध्ये येऊन गाडीचा नंबर चोरीच्या यादीत स्वतःच्या हातानं घातला. त्यांना समजावलं — आता कुठल्याही नाक्यावरच्या कॅमेऱ्यासमोरून गेली, की आमच्या पडद्यावर लाल पट्टी येणार. ते म्हणाले, "तू आहेस म्हणजे सापडणारच." अगदी लहान मुलासारखे.

६ मार्च

काहीच नाही. आई म्हणते, बाबा गप्प गप्प असतात.

१२ मार्च, मंगळवार

लिहवत नाही, तरी लिहिते. दुपारी लाल पट्टी आली. पुलावरचा कॅमेरा, नंबर बाबांचा! मी वायरलेसवर जवळजवळ ओरडलेच — चोर आत आहे, सुटता कामा नये. गस्तीवाल्यांनी गाडी आडवी घातली. चालवणाऱ्याला बाहेर ओढलं, हात पिरगाळला, बॉनेटवर दाबून धरलं. मग हवालदाराचा आवाज आला, एकदम खाली गेलेला. "मॅडम, हे तुमचे वडील आहेत म्हणतायत."

गाडी चोरीला गेलीच नव्हती. बाजाराच्या मागच्या गल्लीत लावून विसरले होते. आज तिथून जाताना दिसली, तर बसले आणि निघाले. तक्रार दिल्याचंही डोक्यात नाही.

मशीननं नंबर बरोबर वाचला. "आत कोण आहे ते आधी बघा" — एवढं मला म्हणता आलं असतं.

१३ मार्च

बाबांचं मनगट सुजलंय. काल ठाण्यात सगळ्यांदेखत त्यांना बोलले, की आठवत नाही एवढं तरी सांगायचं! पण आठवत नाही हे तरी त्यांना कुठून कळणार? आज डॉक्टरांकडे नेलं. ते जे म्हणाले ते आईला सांगायचा धीर होत नाही. साहेबांनी एका शब्दानं जाब विचारला नाही. तेच जास्त लागलं.

२४ मार्च, रविवार

गाडी पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्याला विकून टाकली. बाबांना विचारलं नाही. तो न्यायला आला तेव्हा खिडकीत उभे होते. चिडले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च

सकाळपासून बाबा घरात नव्हते. पायी गेलेल्या माणसाला कुठला कॅमेरा ओळखणार! संध्याकाळी शिंप्याचा फोन आला. त्याच्या दारात उभे होते, रुमालानं गाडीची काच पुसत. त्याला सांगत होते, "चोरीला गेली होती हो. माझ्या मुलीनं शोधून दिली."