मिरचीचं बी

अहो,

इथूनच वाकून नमस्कार. मी खुशाल आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? गोळी विसरत नाही ना?

पोटातलं बाळ गेल्यापासून सूनबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, हे कळवलंच होतं. मागच्या पंधरवड्यात मी कुंडीत पेरायला वाळक्या मिरच्यांचं बी काढत होते. तीही मुकाट्याने शेजारी बसून काढू लागली आणि तोच हात डोळ्याला लावला! पाण्याने डोळे धुतले, आग थांबली, पण रडणं थांबेना. आपले चिरंजीव घाबरून म्हणाले, "आई, डॉक्टरकडे नेऊ का हिला?" म्हटलं, "अरे, ही मिरची नव्हे. बस तिच्याजवळ." मग तोही रडला.

आता बी उगवलंय. रोपं अजून दोऱ्यासारखी आहेत, पण सूनबाई सकाळी उठून कुंडी उन्हाकडे वळवते, मग माझ्याजवळ बसून चहा घेते. फार बोलत नाही, पण बसते.

काल म्हणाली, "आई, मिरच्या लागेपर्यंत तरी जाऊ नका." तुम्हांला न विचारताच मी हो म्हणून बसले. तोवर आपल्या हातचा चहा गोड मानून घ्या.

तुमचीच,
मंडळी