शेवटचा नंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

रविवारी सायकलची शर्यत झाली. धो धो पाऊस, समोरून बोचरा वारा. निम्म्या लोकांनी सुरुवातीलाच माघार घेतली. मी निघाले.

उतारावर चाक घसरलं आणि मी पडले. कोपर जरासं खरचटलं. टाके शुक्रवारी निघतील. आईला सांगू नका.

मागून आयोजकांची गाडी आली. आतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, बसा आत. तुमच्या मागे आता कुणीच नाही."

"मग कुणाचा खोळंबाही नाही," मी म्हटलं.

इथे आल्यापासून दोन नोकऱ्या आणि तो शिवणाचा कोर्स मी अर्धवट सोडला, तुम्हाला ठाऊकच आहे. हे सोडायचं नव्हतं. उरलेले अकरा किलोमीटर त्या बिचाऱ्या माझ्या मागे गाडी रांगवत आल्या.

पोचले तेव्हा मंडप उतरवत होते. वेळ नोंदवणारे आजोबा मात्र छत्री धरून उभे होते. म्हणाले, "यादी बंद केली नाही. तुम्ही याल असं वाटलं."

तुमचा गुडघा कसा आहे? मी नोकरी सोडल्याचा आईचा राग निवळला का?

पुढच्या महिन्यातल्या शर्यतीलाही नाव दिलंय. आईची समजूत तुम्हीच काढा.

तुमची,
थोरली