उसवलेली बटणं

१९ मार्च, मंगळवार, दुपार

चिमणे,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

देवाच्या दयेने आम्ही तिघं बरी आहोत. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिते आहे, उलटून वाच. सरकारी बंगला सोडायचा म्हणून बांधाबांध चालली आहे. वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, पडदेसुद्धा धुऊन परत केले. आपला म्हणून शिवणाचा डबा तेवढा घेतला.

दादा निवडणूक हरला हे तू पेपरात वाचलंच असशील. पेपरात जे आलं नाही, ते लिहिते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फौजेतले त्याच्या हाताखालचे जुने अधिकारी आले. तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरणारा मिशीवाला म्हणाला, "साहेब, मतांचं काय घेऊन बसलात? वर्दी चढवा, बाकीचं आम्ही बघतो."

दादाने आत हाक मारली, "अगं, माझी वर्दी काढ."

तुला ठाऊक आहे, त्या वर्दीची बटणं वहिनीनेच लावायची. प्रत्येक लढाईआधी ती सगळी उसवून नव्या दोऱ्याने लावायची, टाक्याटाक्याला देवाचं नाव घेत. शिंप्याचा हात लागलेला दादाला खपत नसे.

वहिनीने वर्दी आणली. कडक इस्त्रीची, पण बटण एकही नाही.

"बटणं कुठायत?"

"डब्यात. मतं मोजायला लागले तेव्हाच उसवली."

"मग लाव."

"लढाईला निघाला असाल तर आत्ता लावते. पण समोर शत्रू कोण, ते सांगा. आपलीच माणसं असतील तर शिंपी बोलवा."

मिशीवाला हसला. "वहिनीसाहेब, बटणांवाचून कुणाचं अडतं का?"

"तुमचं नाही अडणार. यांचं अडेल," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा सरकवला.

दादा रिकाम्या काजांवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "साधा कोट दे." त्याच कोटात जाऊन त्याने कारभार नव्या माणसाच्या हाती दिला. मी मनातल्या मनात वहिनीला नमस्कार केला.

दादाशी भांडून घर सोडताना तू म्हणालीस, "आई त्यांच्यापुढे कधी तोंड उघडणार नाही." तिने ते मनाला लावून घेतलं नाही, असं ती सांगते.

नव्या घरात खोल्या दोनच. एक त्या दोघांची. दुसरी झाडूनपुसून रिकामी ठेवली आहे, आणि माझी खाट स्वयंपाकघरात. कशाला, म्हणून मी विचारलं नाही.

तुला बोलाव असं ती म्हणालेली नाही. एवढंच म्हणाली की जाताना तुझ्या कोटाचं वरचं बटण सैल होतं.

नव्या घराचा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

स्वयंपाकघरात सुखाने झोपणारी,
तुझी आत्या