घोड्यानं लाथ मारली नव्हती

कोचकोर, फेब्रुवारीतला पहिला सोमवार

पांढऱ्या वन्सं,

तुम्ही तिला त्याच्याकडे पाठवलंतच कशाला? याचं उत्तर आधी द्या, सलाम-बिलाम मग. बरं, तेही उरकून टाकते. सलाम. तुम्ही बऱ्या असाल, मेंढ्या बऱ्या असतील, गाय व्यायली असेल. तुमच्या भावाचा खांदा कसा आहे ते मात्र मी विचारणार नाही.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहितेय. सहावीतनं मेंढ्यांमागे गेले त्यानंतर पेन असं हातात धरलं नव्हतं. अक्षर लागलं नाही तर चष्मा लावा, पण शेवटपर्यंत वाचा. मध्येच चुलीत टाकाल तर मी दुसरं लिहीन.

माझी कनिशाय तुमच्याकडे आली होती ती एका कागदासाठी. मीच पाठवली होती. म्हटलं, आत्याकडे जा, तिला काय लिहायचं ते ठाऊक आहे, मला विचारू नकोस. आणि तुम्ही काय केलंत? चहा दिलात, पावावर लोणी फासून दिलंत, आणि म्हणालात, "अगं, कागद कशाला हवाय? बाप आहे तुझा. आता पीत नाही, शुक्रवारी मशिदीत जातो. मान राखून माग, देईल." वर भावासाठी लोण्याचा डबा दिलात तिच्या हातात. तो डबा ती छातीशी धरून बालिक्चीला त्याच्या गॅरेजपर्यंत गेली, वन्सं.

तुम्हाला वाटत असेल, अमेरिकेतलं कॉलेज म्हणजे बिश्केकसारखं, बोचकं उचललं की निघालं. मलाही तसंच वाटायचं. पोरीनं दोन वर्षं आमच्या तंदूरामागच्या भिंतीवर कोळशानं कॉलेजांची नावं लिहिली होती. मी म्हणायची, ही काय पीरांची नावं आहेत, रोज बघून पुण्य लागतं? मग ती एकेक खोडत गेली. हे कॉलेज परदेशातल्या पोरांना दमडी देत नाही, खोड. हे देतं, पण पैसे मागणारा दिसला की दारातच नाक मुरडतं, खोड. हे अर्धे देतं, खोड. तिथं मी मध्ये पडले. म्हटलं, "अर्धे देतात ते काय वाईट आहे? अर्धी भाकरी कुणी टाकतं का?" तर आईलाच हसली. "आपा, उरलेल्या अर्ध्यात हा आख्खा बाजार विकत येईल, तुझ्या तंदूरासकट."

भिंतीवर एक नाव उरलं. लहानसं कॉलेज आहे, बर्फाच्या मुलुखात. नाव इथं कुणी ऐकलेलं नाही, शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरनंसुद्धा नाही. पण पोर घेतलं की त्याचा सगळा खर्च उचलतात. जेवणखाण, पुस्तकं, अंथरूण-पांघरूण, सगळं. म्हणून तिनं ते निवडलं. नावासाठी नाही. आणि तेच कॉलेज असं की त्याला आईची कमाई कळवून भागत नाही, बापाचीही कळवावी लागते. सोडलेला असला तरी. इतकी वर्षं तोंड बघितलेलं नसलं तरी. ते कागद पुरे झाल्याशिवाय तिचा अर्ज ते उघडणारसुद्धा नाहीत.

मी मास्तरला म्हटलं, "लिहून टाक, मेला म्हणून."

"बुरुल-एजे, मग मेल्याचा दाखला मागतील."

"मग तेही करता येईल."

तो हसला. मी हसत नव्हते.

मास्तरनं कॉलेजाला विचारलं. ते म्हणाले, बापाशी बोलणं धोक्याचं असेल तर त्याचे कागद सोडून देऊ, पण ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय अशा कुणीतरी लिहून द्यायला हवं. डॉक्टर, नर्स, शिक्षक, नाहीतर धर्माचा माणूस. मी मुल्लाकडेही जाऊन आले. दाढीवरनं हात फिरवत म्हणाला, "घरातलं भांडण अमेरिकेला कशाला सांगतेस, बाई?" म्हटलं, घरातलं होतं तेव्हा तुम्ही कुठं होता? तर म्हणे, माझ्या नमाजाची वेळ झाली.

म्हणजे तुम्ही उरलात. वरच्या गावच्या दवाखान्यात नर्स तुम्हीच. पांढरा झगा तुमचा, शिक्का तुमचा, आणि डोळेही तुमचेच होते.

आता बालिक्चीत काय झालं ते ऐका. तो तुम्हाला खरं सांगणार नाही.

ती गॅरेजमध्ये गेली. तो गाडीखाली होता. बाहेर आला, डबा घेतला, लोणी बोटानं चाखलं, म्हणाला, "आईवर नाही गेलीस, उंच झालीस." पोरगी खूश. वन्सं, तिला वाटलं आत्या म्हणाली तेच खरं. तिनं कागद काढला. त्यानं विचारलं, "यात काय लिहायचंय?" ती म्हणाली, "महिन्याला किती मिळतं ते." तिथले बाकीचे बाप्ये कान टवकारून ऐकत होते. एकजण म्हणाला, "लिही रे, तीन शेळ्या आणि ब्रेक नसलेली एक गाडी!" दुसरा म्हणाला, "आणि दोन बायका लिही, त्यातली एक पळालेली. अमेरिकावाले दया येऊन तुलाच पैसे पाठवतील!" सगळे हसले. पोरगीही हसली. साधी आहे ती, तिला वाटलं बाबाही हसतोय.

त्यानं तिचा हात धरून गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि वरून पाना मारला. "माझी गरिबी अमेरिकेला विकतेस काय?" म्हणाला. दोन बोटं. उजव्या हाताची. ज्या हातानं ती त्या कॉलेजासाठी पानंच्या पानं लिहायची, त्या हाताची. मग वेणी धरून रस्त्यापर्यंत ओढत नेली आणि बर्फात ढकलली. लोणी मात्र त्यानं ठेवून घेतलं.

ती घरी आली. हात रुमालात गुंडाळलेला. मी खिम्याचे सामसे लाटत होते. विचारलं, काय झालं? मान खाली घालून म्हणाली, "बसच्या दारात बोटं सापडली, आपा."

वन्सं, मी लाटणं बाजूला ठेवलं. कारण तो आवाज माझा होता. तसाच सपाट आवाज. तशीच खाली घातलेली मान. "घोड्यानं लाथ मारली" हे मी तसंच म्हणायची. तुम्हीच शिकवलं होतंत.

मी तिला एवढंच म्हटलं, "बसचं नाव सांग." तेव्हा ती रडली आणि सगळं बोलली.

दुसऱ्या दिवशी तंदूर पेटवला नाही. तंदूरातून सामसे काढायचा माझा लोखंडी आकडा घेतला, त्याला पोतं गुंडाळलं, आणि बालिक्चीची गाडी धरली. तो शेगडीजवळ बसून तुमच्याच लोण्याशी पाव खात होता. मला बघून म्हणाला, "ये, पळपुटे." मी बोलायला गेले नव्हते. डोक्यावर मारणार होते. तो वळला म्हणून खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आला, तुम्हाला ठाऊक आहे तो आवाज कसा असतो. मी परत उचलला होता. तिथल्या दोघांनी मागून धरलं नसतं तर आज हे पत्र तुम्हाला तुरुंगातून आलं असतं आणि कनिशायला मेल्याचा दाखलाही मिळाला असता. खाली पडल्या पडल्या तो तुमच्या नावानं ओरडत होता, "ताई, ताई." लहान पोरासारखं. थोडी कीव आली. फार नाही.

मला माहीत आहे, तो तुमच्याकडेच आला. पट्टी तुम्हीच बांधलीत. आणि तुम्हाला काय सांगितलं? शिडीवरून पडलो, हेच ना? आमचा ताशतान, त्या मार्गावरची व्हॅन चालवणारा, सांगत होता. सोडलेल्या बायकोनं मारलं हे त्याच्यानं सांगवणार कसं? हसू आलं मला. एका घरात किती माणसं पडतात हो, वन्सं! मी घोड्यामुळे, पोरगी बसमुळे, तो शिडीमुळे. आणि पट्ट्या बांधणाऱ्या तुम्ही एकट्या.

आता जे इतका वेळ टाळत होते ते लिहिते.

लोकर कातरायचे दिवस होते. अंगणात पाहुणे. बाबा, तुमचे वडील, त्या उनाड तांबड्या घोड्याच्या मागं उभे होते, पाठ करून. घोड्यानं कान मागं पाडले होते. मी 'बाबा' म्हणून दोनदा ओरडले. अंगणात सगळेच कुणा ना कुणाचे बाबा, आणि त्यांना ऐकूही कमी. तिसऱ्यांदा मी त्यांचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. सुनेनं सासऱ्याचं नाव. "असानकुल!" ते दचकून बाजूला झाले आणि घोड्याची टाच हवेत गेली. त्या दिवशी घोड्यानं कुणालाच लाथ मारली नव्हती. तुम्ही कणीक मळत दारात होता. तुम्ही पाहिलंत.

मग तुमचा भाऊ उठला. "माझ्या बापाचं नाव घेतेस?" आधी चाबकाचा दांडा, तो मोडल्यावर बूट. मी पोटाशी गुडघे धरले, तर त्यानं गुडघे बाजूला केले. बाबा टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. जीव वाचला होता त्यांचा, पण तोंड उघडलं नाही. पाहुण्यांनी चहा प्यायला. माझा डावा कान त्या दिवसापासून बंद आहे. आणि पोटातला मुलगा, तो पुरा झालेला होता, वन्सं. नखं आली होती. तुम्ही त्याला तुमच्या पांढऱ्या झग्यात गुंडाळलंत, टेकडीवर स्वतः नेऊन पुरलंत, आणि येऊन जिल्ह्याच्या डॉक्टरला सांगितलंत, घोड्यानं लाथ मारली. मी मान हलवली. कनिशाय दाराआड उभी होती, तिला काही कळण्याचं वय नव्हतं. तिला आपण दोघींनी तेच सांगायचं ठरवलं, आणि तेच सांगत आलो. म्हणून ती लोणी घेऊन गेली.

काल मी तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि भिंतीवरचं ते शेवटचं नावही पुसायला लागली, डाव्या हातानं. म्हणाली, "तुला त्याच्या तावडीत ठेवून मी कुठं जाणार?" मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. नाव अर्धं पुसलंय.

तुम्हाला भीती वाटते, मला ठाऊक आहे. तुम्ही त्या दिवशी मध्ये पडला होतात. तुमच्या भुवईवरचा व्रण तुम्ही चुलीच्या झाकणाचा म्हणून सांगता. मी कधी विचारलं नाही. पण तुमचं वय झालं, माझं होत आलं, आणि ती अठराची आहे. आपण तिघी नाही निघू शकत इथून. एक निघते.

तर लिहा. पाहिलंत तेवढंच, जास्त नाही. घोडा, बूट, कान, टेकडी. पाना आणि बोटंही लिहा, मी तिला हात दाखवायला पाठवते. माझ्या आकड्याचं लिहायचं असेल तर तेही लिहा, मी नाही म्हणणार नाही. खाली सही करा, शिक्का मारा. शनिवारी गुरांच्या बाजाराला ताशतान खाली येतो. त्याच्या हाती पाकीट द्या. मास्तर त्याच दिवशी इंग्रजीत करून पाठवणार आहे, त्यानंतर कॉलेजाचं दार बंद.

शनिवारी पाकीट आलं नाही, तर सोमवारी मी तुमच्या दवाखान्याच्या रांगेत उभी असेन. आकडा आणणार नाही. नुसती तुम्हाला हाक मारीन, आणि सगळ्यांसमोर विचारीन, घोडा कुठला होता.

त्या कागदावर तुमचं नाव लागेल. मास्तरनं विचारलं तेव्हा माझी जीभ वळेना. सून होऊन आले त्या दिवसापासून मी तुम्हाला 'पांढऱ्या वन्सं' म्हणतेय. एकदाच या घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं, तर एक जीव वाचला आणि एक गेला. आता दुसऱ्यांदा घेतेय. ज्याला मारायचं त्यानं येऊन मारावं.

सोनुनबूबू, शनिवारपर्यंत उत्तर द्या.

बुरुल
(तुमची भावजय नाही. नुसती बुरुल.)